नऊची गोळी

आमच्या आईचा राग सगळ्या वडगावला ठाऊक आहे. सूत देणाऱ्या व्यापाऱ्यानं एकदा वजनात मारलं, तेव्हा तिनं हातातला मागाचा धोटा त्याच्या दुकानाच्या दारावर फेकून मारला होता. दारावरचा तो पोचा अजून आहे. वडील तेव्हा होते. ते पुढं महिनाभर दुसऱ्या गल्लीनं फिरत होते. मी तिचीच मुलगी. मच्छे गावच्या एका कारखान्यात मी स्टोअर सांभाळते, आणि तिथले फिटर आणि लेथवाले माझ्या पाठीमागं मला काय म्हणतात ते मला माहीत आहे. तेव्हा हे रागानंच लिहिलेलं आहे. डोकं थंड झाल्यावर लिहू म्हणून वर्षभर थांबले. ते काही थंड झालं नाही.

सगळ्यात जास्त राग एका कागदाचा आहे. तो मीच लिहिला होता.

माझं माहेर मागावरचं. खाली चार यंत्रमाग, वर राहायच्या दोन खोल्या. थोरला भाऊ माग चालवतो. त्याला सगळी गल्ली अण्णा म्हणते, मीही. वहिनी घर बघते आणि मागावरही उभी राहते. आई सत्तरी ओलांडलेली, पण खाली बसून कांड्या भरते, म्हणजे धोट्यात घालायचं सूत मशीनवर गुंडाळून देते. तिचं बोलणं जुन्या वडगावच्या बायकांचं, 'मी आलो, मी जेवलो' असं. तू आता वर आराम कर, असं तिला सांगायला गेलेला माणूस परत तसं सांगायला येत नाही.

मागाच्या घरात एक रीत असते. करंट असेपर्यंत कुणी जेवत नाही. करंट आहे तोवर माग चालला पाहिजे, पोटाचं पुढं बघू. करंट गेला की चारही माग थांबतात, कान मोकळे होतात, आणि त्या शांततेत जिन्यावरून हाक येते, "या जेवाय!" लहानपणी आम्हाला भूक पोटात लागायचीच नाही, कानाला लागायची. लग्न होऊन सासरी गेले तेव्हा तिथं घड्याळ बघून ताटं घेतात याचं मला किती दिवस नवल वाटत होतं.

तीन वर्षांपूर्वी आईच्या पायाला मागाचा खिळा लागला आणि जखम भरेना. तपासलं तर शुगर. डॉक्टरांनी आधी एक मोठी पांढरी गोळी दिली, जेवणानंतर घ्यायची. पहिले काही दिवस पोट बिघडलं, मग सोसली. वर्षभरानं साखर पुन्हा वर दिसली म्हणून त्यांनी तिच्या जोडीला एक छोटी गोळी दिली. मी बरोबर होते. "ही सकाळी नाश्त्याच्या आधी, एकच," ते म्हणाले. पुढचा पेशंट तोवर स्टुलावर येऊन बसला होता. मी विचारलं, "किती वाजता?" बेल दाबता दाबता ते म्हणाले, "आठ-नऊ."

त्यांनी विचारलं नाही की ही बाई जेवते कधी. मीही सांगितलं नाही. मला माझ्या स्टोअरमध्ये प्रत्येक गोष्टीला वेळ आणि नग लागतो, तसा इथंही मिळाला, मी खूष. घरी येऊन जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागं लाल स्केचपेननं ठळक लिहिलं: "सकाळी ९ वाजता छोटी गोळी १. विसरायचं नाही." आणि तो कागद घड्याळाच्या खाली चिकटवला. नऊ लिहिलं त्यालाही कारण होतं. त्या दिवसांत आमच्या गल्लीत रोज नऊला तासभर करंट जायचा. आईनं गोळी घेतली की पाठोपाठ माग थांबायचे आणि भाकरी पुढ्यात यायची. सगळं जुळत होतं, म्हणून आणखी काही लिहावं असं माझ्या डोक्यातच आलं नाही.

जन्मात कुणाचं न ऐकलेल्या माझ्या आईनं तो कागद मात्र ऐकला. "शिकलेल्या पोरीनं लिवलंय," म्हणायची. कांड्या भरता भरता घड्याळाकडं बघायची, काटा नवावर आला की उठून तांब्याभर पाणी आणि गोळी. मला इतका अभिमान वाटायचा की मी कारखान्यात सांगत सुटले होते. आमची आई बघा, मिनिटभर इकडं तिकडं होत नाही.

साखरेचा बंदोबस्तही मीच केला. आई डब्यातली साखर चोरून खाते असं वहिनीनं सांगितलं, तेव्हा मी दोघींनाही झापलं. मग वहिनीनं साखरेचा डबा माळ्यावर, रिकाम्या कांड्यांच्या खोक्यात दडवला. चहा घरात सगळ्यांनाच बिनसाखरेचा झाला. अण्णा कुरकुरला, पण प्याला.

गेल्या वर्षी काय झालं, तर आमच्या बाजूच्या लाइनीचं काम झालं आणि करंटची वेळ बदलली. नऊला जाणारा करंट साडेअकराला, कधी बाराला जायला लागला. घरात आनंदीआनंद. अण्णा फोनवर हसत होता, "सकाळचं पुरं काम हुतंय गं आता!" साधारण त्याच सुमाराला डॉक्टरांनी छोटी गोळी जरा जास्त ताकदीची करून दिली होती. म्हणजे गोळी नऊला, ती पण वाढवलेली, आणि भाकरी बाराला. चौथीतल्या मुलालाही हे गणित सुटलं असतं. आमच्या घरात सुटलं नाही.

त्यानंतर आईबद्दल वहिनीचे फोन सुरू झाले. "आत्याबाईंच्या अंगात याय लागलंय बघा. अकरा वाजलं की सुरू. घाम काय, आरडाओरडा काय, हातातल्या कांड्या फेकत्यात. काल तर मलाच ओळखलं न्हाई, म्हणाल्या तू कोण गं, माझ्या घरात काय करतीस." मी म्हटलं, हे काय नवीन आहे का, तिचा राग तुला माहीत नाही? वहिनी म्हणाली, "तसं न्हवं. जेवल्यावर गाईगत गप हुतात."

जेवल्यावर गप होतात. इतक्या सरळ शब्दांत तिनं मला सांगितलं होतं. मी काय म्हटलं? "मग लवकर वाढत जा की." "करंट असताना कसं वाढू?" ती म्हणाली, आणि आम्ही दोघी हसलो. त्या हसण्याची मला आजही चीड येते.

मग तो रविवार आला. माझ्या मुलीला पुण्यात नोकरी लागली होती. तेवढं सांगायला मी साडेअकराच्या सुमाराला वडगावला गेले. माग जोरात चालू होते. आई कांड्या भरत बसली होती, चेहरा घामानं ओला. मला वाटलं, उकाडा. मी वाकून तिच्या कानाशी ओरडून सांगितलं. तिनं मान वर केली, कुणा परक्या बाईकडं बघावं तसं माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, "नवरा खाल्लास. पोरगी घालवलीस. आता मला खायाला आलीस व्हय? चल, चालती हो हितनं."

माझा नवरा जाऊन तेव्हा पाच वर्षं झाली होती. गाडीवरून पडले आणि गेले. त्या वेळी मला असं बोलायला आलेल्या एका नातलग बाईला याच आईनं चपलेसकट दाराबाहेर काढलं होतं. मागाच्या आवाजात वाढलेली माणसं ओठ बघून बोलणं ओळखतात, त्यामुळे ऐकू आलं नसेल अशीही सोय नव्हती. मी पिशवी तिथंच ठेवली आणि निघाले. वहिनी कोपऱ्यापर्यंत धावत आली, मी गाडी थांबवली नाही.

दीड महिना मी वडगावला पाऊल टाकलं नाही. फोनही घेतले नाहीत. माझ्या घरापासून माहेर वीस मिनिटांवर आहे. वीस मिनिटांचं अंतर रागानं किती लांब होतं ते मला विचारा.

तो बुधवार होता. मी स्टोअरमध्ये होते, जेवणाची सुट्टी व्हायला दहा मिनिटं होती, म्हणजे एकला दहा कमी. वहिनीचा फोन तीनदा वाजला, तीनदा मी कट केला. चौथ्यांदा अण्णाचा आला. करंट असताना अण्णा कुणाला फोन करत नाही. उचलला तर पाठीमागं मागांचा खडखडाट.

"आई कायतरी बरळाय लागलीया," तो ओरडत होता. "अंग भिजलंय, हात थरथराय लागल्यात. शुगर चढलीया!"

"चढलीया म्हणून कुणी सांगितलं?"

"शेजारच्या आक्का आल्यात. त्या म्हणत्यात, चढलीया. त्यांच्यातली एक गोळी देऊया म्हणत्यात."

शेजारच्या आक्कांना स्वतःला दहा वर्षांची शुगर आहे, त्यामुळे गल्लीत त्या अर्ध्या डॉक्टर. दारात बसून बायका गोळ्यांचे रंग सांगतात आणि आक्का निकाल देतात, तुझ्या पिवळीपेक्षा माझी गुलाबी भारी. कुणाची संपली की कुणाची उसनी, साखर-चहापावडर उसनी आणावी तशी. मनानं वाईट नाहीत आक्का. पण वाईट नसलेल्या माणसांनीच आईला त्या दिवशी जवळजवळ मारलं असतं, आणि त्यात पहिला नंबर माझा.

कारण मी जिथं उभी होते तिथं समोरच प्रथमोपचाराची पेटी होती. ती माझ्याच ताब्यात असते. तिच्यावरचा छापील कागद कन्नड आणि इंग्रजीत आहे, म्हणून आमच्या मराठी कामगारांसाठी मी स्वतः एक कागद लिहून चिकटवला होता. त्याच लाल स्केचपेननं. "शुगरची गोळी घेणारा माणूस घामाघूम झाला, थरथरला, चिडचिड किंवा बडबड करू लागला, तर साखर कमी झाली असेल. शुद्धीवर असेल तर लगेच ग्लुकोज द्या." दोन वर्षं तो कागद माझ्या डोळ्यांसमोर होता. त्यात चिडचिड हा शब्द होता. माझ्याच अक्षरात होता.

"अण्णा, ती जेवलीय का?"

"कोण जेवलंय?" तो म्हणाला. "आज करंटच गेला न्हाई!" आणि देवाशपथ सांगते, आई समोर थरथरत असतानाही त्याच्या आवाजात अजून थोडा आनंद होता.

"गोळी देऊ नका!" मी इतकी ओरडले की बाहेरचे दोघे आत आले. "एक कण गोळी देऊ नका. तिला गिळता येतंय का बघ. बसती करा. साखरेचं पाणी द्या, चांगली चार चमचे साखर घालून!"

पाठीमागून आक्कांचा आवाज आला, "शुगरवाल्याला साखर? आईला माराय निघालीया काय ही?" आणि अण्णा डगमगला. "आगं, आक्का म्हणत्यात..." पुढं मी अण्णाला जे बोलले ते इथं लिहिता येत नाही. थोरला भाऊ आहे, त्याच्या तोंडावर मी आयुष्यात कधी उलट बोलले नव्हते. "साखर आण! आणि ते माग बंद कर आधी, तुझं मला ऐकू येत नाही!"

साखर माळ्यावर होती. कांड्यांच्या खोक्यात, मीच ओरडून दडवायला लावलेली. वहिनी शिडी शोधत असल्याचं मला फोनवर ऐकू येत होतं. मग अण्णानं माग बंद करायला घेतले. करंट असताना. आमच्या घरात माझ्या आठवणीत दोनदाच असं झालंय, वडील गेले तेव्हा आणि त्या दिवशी. एकेक माग थांबत गेला आणि चौथा थांबल्यावर सगळं शांत झालं. त्या शांततेत आईचा आवाज आला, जीभ जड झालेली.

"करंट गेला व्हय? वाढा जेवाय."

मला रडायची सवय नाही. पण त्या दिवशी स्टोअरच्या काउंटरला धरून मी उभी राहिले आणि दोन कामगारांसमोर रडले. पोट चार तास ओरडत असणार, त्याचं तिनं ऐकलं नाही. कान मोकळे झाल्यावर तिला भूक लागली.

साखरेचं पाणी पोटात गेलं. घोट घोट द्या, मी सांगत होते. झापड यायला लागली तर तोंडात काही घालू नका, सरळ दवाखान्यात न्या. पेटीतली ग्लुकोजची पाकिटं पर्समध्ये कोंबून मी गाडी काढली. पोचले तेव्हा आई जिन्याच्या पायरीवर बसली होती, लुगडं पिळून काढावं इतकं ओलं, पण डोळे तिचेच होते. "तू कवा आलीस?" म्हणाली. दीड महिन्यानं तिनं मला विचारलेला पहिला प्रश्न. वहिनीनं भाकरी-आमटी भरवली आणि आम्ही तिला रिक्षात घातलं. आक्का दारात उभ्या होत्या. त्यांच्या मुठीत ती गुलाबी गोळी अजून होती.

दवाखान्यात बोटातून रक्त काढून बघितलं, तर साखरपाणी आणि भाकरी खाऊनही आकडा जेमतेम होता. मला वाटलं, चला, सुटलो, घरी जाऊ. डॉक्टर म्हणाले, इथंच ठेवायचं, ही गोळी दिवसभर काम करत राहते, आता वर आलेली साखर पुन्हा खाली जाईल. आणि तसंच झालं. संध्याकाळी पुन्हा उतरली, सलाईनमधून साखर द्यावी लागली. घरी नेली असती तर आम्ही आपापल्या कामाला लागलो असतो आणि आई झोपलीय असं समजलो असतो.

डॉक्टर वैतागले होते. "उपाशीपोटी गोळी कशी दिली? नऊची गोळी आणि एक वाजेपर्यंत पोटात काही नाही? तुम्ही शिकलेल्या ना?"

मी पण शिकलेली आहे हे माझं मला माहीत होतं. दिवसभर तेच मला खात होतं. पण त्यांनी म्हटल्यावर माझा तोल गेला. मी म्हटलं, "डॉक्टर, तुम्ही आठ-नऊ म्हणालात. जेवता कधी, हे विचारलं नाहीत. वडगावात माग किती घरांत आहेत तुम्हाला माहीत नाही? आमच्यात करंट गेल्यावर जेवतात. रोज शंभर बायका तुमच्यासमोर येऊन बसतात, त्यातल्या किती जणी घड्याळावर जेवत असतील?" बाहेर बसलेली माणसं डोकावायला लागली. डॉक्टरांनी खुर्ची ओढून मला बसायला सांगितलं, आणि त्या दिवशी पहिल्यांदा पाच मिनिटं दिली. हीच पाच मिनिटं छोटी गोळी लिहून देताना दिली असती तर काय बिघडलं असतं, हे मी मनात म्हटलं. मोठ्यानंही म्हटलं असेन.

त्यांनी सांगितलं ते असं. पांढरी गोळी एकटी असेल तर साखर सहसा अशी कोसळत नाही. छोटीचं तसं नाही. ती शरीराला जादा इन्सुलिन सोडायला लावते, तुम्ही जेवलात की नाही हे तिला कळत नाही. म्हणून ताट समोर आल्यावरच ती घ्यायची. जेवणच होणार नसेल तर छोटी गोळीही नाही. विसरली तर नंतर दोन एकदम घ्यायच्या नाहीत. उपास धरायचा असेल, उलट्या-जुलाब झाले, अन्न जाईनासं झालं, तर आधी विचारायचं. दुसऱ्याची गोळी कधीच नाही, अंगदुखीची गोळी असली तरी विचारून. मग त्यांनी मूत्रपिंडाची तपासणी लिहून दिली, वयानं ती मंदावली असली तर गोळी अंगात जास्त रेंगाळते म्हणाले. आईची मंदावलेली निघाली. छोटी गोळी बदलली, साखर इतकी न पाडणारी दिली. तीही रोज अर्धीच, पण ताटाचा नियम तोच.

निघताना मी त्यांना एक विचारलं. वहिनी आणि अण्णा बाहेर गेल्यावर विचारलं. साखर उतरल्यावर माणूस वाटेल ते बोलतं, तर ते बोलणं येतं कुठून? आधीपासून मनात असतं का? ते म्हणाले, "मेंदूला साखर पुरत नाही, त्या वेळचं बोलणं मनावर घेऊ नका." हे काही उत्तर नव्हे.

घरी आल्यावर मी घड्याळाखालचा कागद फाडला. बोळा करून चुलीत टाकला. नवीन लिहिला, तो घड्याळाखाली नाही, भाकरीच्या दुरडीवर भिंतीला चिकटवला: "ताट पुढ्यात. मग गोळी. ताट नाही तर छोटी गोळी नाही." साखरेचा डबा खाली आला, कांड्यांच्या मशीनशेजारी फळीवर. त्याला हात लावायचा नाही, पण तो कुठं आहे हे घरात प्रत्येकाला माहीत असलं पाहिजे.

यावरही भांडणं झालीच. गल्लीतल्या दोघीतिघी आईला सांगून गेल्या, सोडून दे गोळ्या, गोळ्यांनीच मेली असतीस, कारल्याचा रस पी. अण्णालाही ते पटायला लागलं होतं. मी त्याला आईच्या पायाचा तो जुना डाग दाखवला, चार महिने न भरलेल्या जखमेचा. गोळी सोडली तर पाय जाईल आणि उपाशीपोटी दिली तर आई जाईल, काय पाहिजे ते सांग, म्हटलं. मग प्रश्न आला जेवणाचा. "करंट असताना माग सोडून जेवायचं?" अण्णा मला विचारत होता, जसं काही मी देव्हाऱ्यात चपला घालून जा म्हणत होते. "तू करंटवर जेव," मी म्हटलं. "आई नऊला जेवणार. मशीन बंद करून, वर बसून. आणि ज्या दिवशी हे चुकलं असं मला कळेल त्या दिवशी मी येऊन चारही मागांचे पट्टे कापून टाकीन." मी तशी धमकी पोकळ देत नाही, हे त्याला ठाऊक आहे.

आईला मात्र या सगळ्याचा वेगळाच ताप झाला. साखर उतरली की चिडचिड होते, हे डॉक्टरांनी तिच्यासमोरच सांगितलं होतं. त्यामुळे आता तिनं जरा आवाज चढवला की वहिनी साखरपाण्याचा पेला घेऊन पळत येते आणि अण्णा बोटाला सुई टोचायचं मशीन आणतो. इतकी वर्षं जिच्या रागाला गल्ली घाबरली, तिच्या रागाकडं कुणी लक्षच देईना. एकदा तिनं पेला भिरकावला. त्यावरही वहिनी म्हणाली, "अगं बाई, लईच उतरलीया वाटतं."

दोन रविवारांनी मी नऊच्या आत वडगावला गेले. मला डोळ्यांनी बघायचं होतं. खाली माग चालू होते, आणि वर आई ताटावर बसली होती. हे दृश्य त्या घरात मी पहिल्यांदा बघत होते. भाकरी, वांग्याची भाजी, भात. तिनं ताट पुढ्यात ओढलं, गोळी घेतली, मग सावकाश सगळं संपवलं. मी समोर बसून होते. ताट उचललं, पुसून घेतलं, आणि निघायला म्हणून उभी राहिले.

"बस खाली," आई म्हणाली.

मी थांबले.

"दीड महिना," ती म्हणाली. "दीड महिना आई हाय का मेली बघितलं न्हाईस. काय म्हणलो मी तुला, सुनेनं सांगितलं मला. म्हणलो आसेन. आठवत न्हाई. पर आईच्या एका बोलण्यावर एवढं धरून बसतंय कोन? फोन तरी उचलायचा हुतास. त्या दिशीबी तीनदा कापलास म्हनं! मी गेलो आसतो तर तिरडीला तरी आली आसतीस का न्हाई?"

आवाज चढला होता. मानेची शीर फुगली होती, चेहरा लाल. माझा हात सवयीनं पर्सकडं गेला, ग्लुकोजचं पाकीट मी आता कायम ठेवते. "आई," मी म्हटलं, "घाम येतोय का गं? थरथरतंय का?"

तिनं माझ्या हातातलं पाकीट बघितलं. मग माझ्याकडं.

"जेवलोय मी," ती म्हणाली. "तुझ्या डोळ्यादेखत जेवलोय. ह्यो राग माझा हाय. ठेव ते आत, आनि ऐक."

मी पाकीट आत ठेवलं आणि बसले. अर्धा तास ती थांबली नाही. खाली चारही माग चालू होते, पण मला तिचा एकेक शब्द कळत होता.